चौदा नंबरचा फाउल

सख्ख्या भावाची बातमी बहिणीला कुठून कळावी? आईकडून कळावी, शेजारणीकडून कळावी, नाहीतर त्याच्या स्वतःच्या तोंडून कळावी. ताईला ती कळली ओल्या शाईच्या प्रुफातून. सकाळचे साडेनऊ वाजलेले, सायंदैनिकाच्या छापखान्यातली मुद्रितशोधकांची अरुंद खोली, टेबलावर निवत चाललेला चहा आणि हातात खेळाचं पान. पानाच्या तळाशी दोन कॉलमांत बातमी होती, की पाणीखात्याचा अनुभवी बास्केटबॉलपटू यंदा वीजकंपनीकडून खेळणार. सोबत फोटो. फोटोत तिचा धाकटा भाऊ वीजकंपनीच्या कोचचा हात हातात घेऊन दात काढत उभा होता.

ताईने बातमी दोनदा वाचली बहीण म्हणून, आणि तिसऱ्यांदा वाचली नोकरी म्हणून. वय एकोणचाळीस छापलं होतं, ते तिने खोडून अडतीस केलं, कारण अडतीस खरं होतं. बाकी बातमीत एकही चूक सापडली नाही, आणि याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. एवढी ढळढळीत चूक डोळ्यांसमोर आहे आणि समासात खूण करायला जागा नाही, अशी वेळ तेवीस वर्षांच्या नोकरीत तिच्यावर कधी आली नव्हती. तिने पानावर सही केली आणि चहा तसाच मोरीत ओतला.

तुम्ही म्हणाल, यात एवढं आकाशपाताळ एक करण्यासारखं काय आहे? माणूस नोकरी बदलतो, घर बदलतो, याने संघ बदलला. तसं म्हणणारे त्या शहरातही होते. पण त्यांतला एकही एकोणीस वर्षं त्या हॉलमधल्या त्या टेबलामागे बसलेला नव्हता.

तो हॉल म्हणजे पत्र्याच्या छपराखाली लाकडी जमीन, दोन बाजूंना पायऱ्या आणि उजव्या कोपऱ्यात पाय पडला की कुरकुरणारी एक फळी. दरवर्षी तिथे खात्यांची आणि कारखान्यांची स्पर्धा भरायची. भाऊ पाणीखात्यात फिटर म्हणून लागला आणि पहिल्याच वर्षी संघात आला. पायांनी लांब म्हणून सगळे त्याला ढांग्या म्हणत. त्याच्या पहिल्या सामन्याला गुण लिहिणारा माणूस आलाच नाही. पाणीखात्याचे कोच, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांनी पायऱ्यांवर बसलेल्या ताईकडे बोट दाखवलं आणि म्हणाले की छापखान्यातल्या त्या चष्मेवालीला बसवा, तिला चुका दिसतात. त्या दिवशी ती बसली ती बसलीच. वही, दोन पेनं, एक निळं लिहायला आणि एक लाल, चूक झालीच तर खोडायला.

त्या वहीत प्रत्येक खेळाडूच्या नंबरापुढे पाच चौकोन असत. फाउल झाला की एका चौकोनात फुली. पाचही भरले की गडी बाहेर, मग तो कितीही मोठा असो. फाउल मोजून दाखवायच्या आकड्यांच्या पाट्या त्या हॉलमध्ये केव्हाच मोडून गेल्या होत्या, त्यामुळे पाचव्या फुलीला ताई लाल निशाण वर करायची तेवढंच. तोवर हिशेब फक्त वहीत. लोक भांडायचे, पंचाच्या अंगावर जायचे, पण कुणीतरी “वहीत काय आहे?” विचारलं की गप्प व्हायचे. एकोणीस वर्षांत त्या वहीत एकदाही खाडाखोड झाली नव्हती. ताईचा कशाबद्दल तोरा असेल तर याबद्दल, आणि तो तिने कधी लपवला नाही.

मास्तरांचा आणखी एक नियम होता, ज्याला बाकीचे संघ हसायचे. ज्याच्या हातून फाउल झाला त्याने शिट्टी संपायच्या आत स्वतःच हात वर करायचा. पंचाला शोधायला लावायचं नाही, तोंड वेडंवाकडं करायचं नाही. मास्तर गेले, त्यांच्यामागून आलेल्या पोरांनी तो नियम सोडला, पण ढांग्याचा हात वर जायचाच. केवढा तो हात, छताच्या दिव्याला लागेल असा. खरं तर लिहिणाऱ्याने पंचाच्या बोटांकडे बघायचं असतं, पंच बोटांनी नंबर दाखवतो. पण भावाच्या बाबतीत ताईला बोटं बघायची गरजच पडत नसे. तो हात वर गेला की तिचं पेन नऊ नंबरापुढे फुली मारून मोकळं होई.

नऊ नंबर घालून ढांग्या पाच फायनल खेळला आणि पाचही हरला. त्यांतल्या चार वीजकंपनीशी. वीजकंपनीचं काय बोलावं? ज्याचं चांगलं दिसेल त्याला उचलायचं, खुर्चीवरची नोकरी द्यायची, नवे बूट द्यायचे आणि कप घेऊन जायचं. पाणीखात्याची पोरं दिवसभर खड्ड्यात उतरून पाइप जोडायची आणि संध्याकाळी येऊन त्यांच्याशी झुंजायची. प्रत्येक फायनलनंतर ढांग्या खाली मान घालून घरी यायचा, आणि ताई त्याच्या गुडघ्यांवर बर्फाची पिशवी ठेवत वीजकंपनीच्या सात पिढ्या उद्धरायची. आता सांगा, त्याच वीजकंपनीच्या कोचचा हात धरून हा फोटो काढतो, तर तिच्या तळपायाची आग मस्तकात जाणार नाही?

त्या संध्याकाळी तो घरी आला तो वीजकंपनीची नवीकोरी बॅग खांद्याला लावूनच. घरात माणसं तीन, आई, ताई आणि हा. ताईने ताट वाढलं नाही, सरळ विचारलं.

“मला का सांगितलं नाहीस?”

“तू नको म्हणाली असतीस.”

“मग?”

“मग मी गेलो नसतो, ताई.”

याच्यावर काय बोलणार? पण ताई बोलली. पुष्कळ बोलली. मास्तरांचं नाव काढलं, खड्ड्यात उतरणाऱ्या पोरांचं नाव काढलं, तुला खेळायला शिकवलं कुणी आणि मिरवणार कुणाच्या घरी, असं सगळं बोलून घेतलं. तो बॅग मांडीवर घेऊन ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, की गुडघे फार तर एक वर्ष साथ देतील, आणि एकदा तरी शेवटच्या शिट्टीला मान वर ठेवून उभं राहायचंय. ताई म्हणाली, “लोकांनी वाढलेल्या आयत्या ताटावर बसायचंय, असं म्हण की.” आणि त्या दिवसापासून तिने त्याच्याशी बोलणं टाकलं.

साडेचार महिने ती बोलली नाही. एका घरात, एका स्वयंपाकघरात, हाताच्या अंतरावर बसून. ओला टॉवेल पलंगावर टाकू नकोस म्हणावं त्याला, असं ती आईला सांगायची, आणि आई समोरच बसलेल्या लेकाला ते पुन्हा सांगायची. सुरुवातीला आईला वाटलं, चार दिवसांत निवळेल. महिना झाल्यावर ती वैतागली, मी काय टपालखातं आहे का म्हणाली, आणि एक दिवस दोघांनाही निरोप द्यायचं बंद करून पाठ फिरवून झोपून गेली. तरी ताई हलली नाही. मोडेन पण वाकणार नाही, हा त्या घरातल्या सगळ्यांचाच खाक्या होता.

बाहेर तर विचारूच नका. पाणीखात्याच्या पोरांनी त्याच्या कपाटावरचं नाव खरवडून काढलं. केस कापणारा त्याला खुर्चीत बसवून फितुरांच्या गोष्टी सांगू लागला. छापखान्यातला फोरमनही एकदा म्हणाला, काय ताई, तुमचा भाऊ शेवटी पैशाला भुलला. ताईने त्याला असं झापलं, की बिचारा तीन दिवस तिच्या खोलीकडे फिरकला नाही. भावाला शिव्या घालायचा हक्क तिचा होता, तिने तो कुणाला वाटून दिलेला नव्हता.

आणि एवढं करून वीजकंपनीने त्याला काय दिलं? बाक. सामन्यात पाच मिनिटं, कधी तीही नाहीत. नऊ नंबरही मिळाला नाही. तिथे तो होता भिंगरीकडे. भिंगरी म्हणजे बावीस वर्षांचा त्यांचा हुकमी एक्का, पायांत जणू स्प्रिंग घेऊन जन्मलेला. ढांग्याला चौदा नंबर दिला. ताई टेबलामागून बघायची, हा एकोणीस वर्षं संघ खांद्यावर वागवलेला माणूस भिंगरीला टॉवेल देतोय, पाण्याची बाटली उघडून देतोय. तिचं रक्त उकळायचं. वीजकंपनीचा राग, भावाचा राग, आणि कोण जाणे कुणाकुणाचा. चौदा आकडा ती वहीत इतका दाबून लिहायची, की तो मागच्या पानावर उमटायचा.

फायनल आली रविवारी दुपारी चारला. समोरासमोर कोण असावेत? वीजकंपनी आणि पाणीखातं. ढांग्या नसताना पाणीखातं फायनलला पोचलं, म्हणून त्यांची पोरं तर हवेतच होती. पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. ताई नेहमीप्रमाणे अर्धा तास आधी आली, पान आखलं, नंबर लिहिले आणि चष्मा पुसला. भाऊ समोरून गेला तेव्हा तिने खाली बघून पेनाचं टोपण शोधलं, जे तिच्या हातातच होतं.

तिसऱ्या क्वार्टरला वीजकंपनीचा एक उंच गडी दमला, आणि कोचने चार मिनिटांसाठी ढांग्याला आत घातलं. अर्ध्या हॉलने हुर्यो उडवली. पाणीखात्याचा एक जुना सोबती चेंडू घेऊन त्याच्या अंगावरून सुटला, याचे गुडघे वळेपर्यंत तो निसटलाच, आणि याने मागून त्याचा दंड धरला. शिट्टी वाजली. तो लांब हात दिव्याकडे वर गेला. ताईने फुली मारली आणि खेळ पुढे सुरू झाला. थोड्या वेळाने ढांग्या पुन्हा बाकावर गेला.

शेवटची तीन मिनिटं उरली तेव्हा पाणीखातं दोन गुणांनी पुढे होतं. भिंगरी चेंडूवर झडप घालायला गेला आणि समोरच्याच्या अंगावर आदळला. फाउल, नऊ नंबर. ताईने फुली मारली, पाचवा चौकोन भरला, आणि तिने लाल निशाण वर केलं.

हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. भिंगरी चार बोटं नाचवत टेबलाकडे धावला, चारच झालेत म्हणाला. वीजकंपनीचा कोच त्याच्या मागोमाग. पंच आले आणि वही काय म्हणते विचारलं. ताई म्हणाली, पाच. पंचांनी विचारलं, “नक्की?”

एकोणीस वर्षांत तिला कुणी ‘नक्की’ विचारलं नव्हतं. त्यात कोच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की बाईंचा जीव अजून पाणीखात्यात अडकलाय, भावाचा सूड आमच्यावर काढतायत. ताईच्या कानशिलांत कढ आला. तिने वही फिरवून पंचांसमोर ठेवली, नऊ नंबरापुढच्या पाचही फुल्या पेनाने दाखवल्या आणि म्हणाली, “वही बरोबर आहे.” पंचांनी भिंगरीला बाहेर जायची खूण केली. कोचने शिवी गिळली, बाकाकडे वळला आणि बोट दाखवलं. चौदा.

ढांग्याने जॅकेट काढलं. फायनल, तीन मिनिटं, दोन गुणांचा फरक. ज्यासाठी त्याने आपलं नाव मातीत घातलं, आपल्या माणसांच्या शिव्या खाल्ल्या, बहिणीचा अबोला सोसला, ते त्याच्या पुढ्यात आयतं येऊन पडलं होतं. तो रेषेपर्यंत आला. तिथे थांबला. आत पाऊल न टाकता टेबलाकडे वळला, आणि त्याने हात वर केला.

शिट्टी वाजली नव्हती, खेळ सुरू नव्हता. पंचांना काही कळेना, कोचला कळेना. पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडलं की याला आता उभ्या उभ्याही फाउल आठवतात, आणि लोक हसले. ताईला मात्र त्याच क्षणी कळलं. तिने वहीत बघितलं. चौदा नंबरापुढे पाचही चौकोन कोरे होते. तिसऱ्या क्वार्टरला त्याने फाउल केला होता, हात वर केला होता, तिने फुली मारली होती, मग ती फुली गेली कुठे? ती गेली होती जिथे एकोणीस वर्षं जात होती तिथे. पंचाच्या बोटांकडे तिने बघितलंच नव्हतं. भावाचा हात बघितला, आणि तिच्या हाताने आपसूक नऊपुढे लिहिलं.

आता गंमत बघा. ती गप्प बसली असती तर कुणाचं काय बिघडत होतं? पाणीखातं जवळजवळ जिंकल्यात जमा होतं, आणि ते जिंकावं म्हणून ती एकोणीस वर्षं जीव टाकत आली होती. भावाला त्याची तीन मिनिटं मिळत होती. वहीचं नाव राहत होतं, तिचंही राहत होतं. नुकसान होतं ते एका भिंगरीचं, ज्याच्याशी तिचं काडीचं नातं नव्हतं. आणि हा लांबडा मेला तिथे हात वर करून उभा. याला आजसुद्धा गप्प बसवत नाही? इतका राग तिला त्याचा फोटो बघूनही आला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं ते रागानेच आलं, असं ती पुढे कधीही विचारलं तरी सांगायची.

ती उठून उभी राहिली. “चूक माझी आहे,” ती पंचांना म्हणाली. “तिसऱ्या क्वार्टरचा तो फाउल चौदा नंबरचा. नऊचे चारच झालेत.”

लाल पेन तिने एकोणीस वर्षांत पहिल्यांदा उघडलं, आणि ते सुकलेलं निघालं. पंचांनी आपलं दिलं. तिने नऊपुढची एक फुली खोडली, चौदापुढे एक मारली आणि बाजूला सही केली. भिंगरी आत गेला. ढांग्याने जॅकेट पुन्हा घातलं आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसला. भिंगरीने तीन मिनिटांत सात गुण केले, वीजकंपनी तीन गुणांनी जिंकली. शेवटची शिट्टी झाली तेव्हा ताईने बाकाकडे बघितलं. सगळे आत धावले होते. तो एकटा बसला होता, आणि कपाकडे नाही, टेबलाकडे बघत होता.

पुढचं ऐकून तर तुमचंही डोकं फिरेल. पाणीखात्याची माणसं म्हणाली, भावाच्या गळ्यात मेडल पडावं म्हणून हिने ऐन वेळी वही फिरवली. वीजकंपनीची माणसं म्हणाली, भिंगरीला घालवायचाच डाव होता, अंगाशी आला म्हणून कबूल केलं. चूक कबूल केल्याचं पुण्य राहिलं बाजूला, दोन्हीकडचे लोक तिच्यावरच थुंकले. स्पर्धा समितीच्या सचिवांनी हॉलच्या दारातच गोड आवाजात सांगितलं, की पुढच्या वर्षी तुम्ही विश्रांती घ्या. ताईने वही त्यांच्या हातात ठेवली, आणि ज्या माणसाला फाउल आणि फेस यांतला फरक कळत नाही त्याने मला विश्रांती शिकवू नये, असं तोंडावर सांगून ती पायऱ्या उतरली.

घरी तो आधीच पोचला होता. मेडल जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी पडलं होतं. आई दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती. ताईने तीन ताटं मांडली, वाढली, खुर्ची ओढली आणि साडेचार महिन्यांनी तोंड उघडलं.

“हात कशाला वर केलास? तीन मिनिटं होती तुझी.”

“फाउल माझा होता,” तो म्हणाला. “आणि वही तुझी.”

ताईने ताटातला पहिला घास घेतला. मग म्हणाली, की पाणीखात्यातच राहिला असतास तर ती तीन मिनिटं तुझ्याकडून कुणी काढून घेतली नसती, आणि कपही आपलाच असता. तो हो म्हणाला. त्यावर तिने ओला टॉवेल पलंगावरून उचलायला सांगितलं, स्वतः, मध्ये आईला न घालता. आईने देवाला नाही पण छताला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला खेळाचं पान तिच्या टेबलावर आलं. शीर्षक होतं, बाकावर बसून विजेता. ताईने ते दोनदा वाचलं. दात ओठ खाल्ले, पण तो बाकावर बसला होता हे खोटं नव्हतं, म्हणून पेन उचललं नाही. खाली लिहिलं होतं की गुण लिहिणाऱ्या टेबलावरच्या गोंधळाने सामना काही मिनिटं थांबला. तेही खरं होतं. तेही तिने सोडलं. मग शेवटी बारीक अक्षरातला तक्ता होता, प्रत्येक खेळाडूचे गुण आणि फाउल. वार्ताहराने त्यातले फाउल दुरुस्तीच्या आधीच उतरवून घेतले असावेत. नऊ नंबरापुढे फाउल पाच होते. चौदा नंबरापुढे गुण शून्य, फाउल शून्य.

तिने पाचाचे चार केले, आणि चौदापुढचं फाउलचं शून्य खोडून तिथे एक लिहिला. फोरमन दारात ताटकळत उभा होता, यंत्र थांबलं होतं. पान हातात घेऊन त्याने ती खूण बघितली आणि कुरकुरला, की ताई, बाकावर बसलेल्या माणसाचे फाउल कोण वाचतं, एवढ्यासाठी पुन्हा खिळे जुळवू का?

“जुळवा,” ताई म्हणाली. “तो फाउल त्याचा आहे. त्याच्याच नावावर छापायचा.”